उरलेले पाच तास दहा मिनिटं

पाच तास दहा मिनिटं. परीक्षेला बसताना माझ्या भाचीच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात हा आकडा होता. जूनचा दुसरा आठवडा, चिपळूणजवळचं गाव, रात्रभर वादळी पाऊस आणि पहाटेपासून लाईट नाही. पेपर दोन तासांचा, ऑनलाइन. कॅमेरा शेवटपर्यंत चालू ठेवायची अट, पेपरची खिडकी पूर्ण स्क्रीनभर, इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून. बॅटरी शंभर टक्के भरलेली होती आणि वेळ हवा त्याच्या अडीचपट दिसत होता, म्हणून कोणीच दुसरी सोय केली नाही. एक तास पन्नास मिनिटांनी स्क्रीन काळी पडली. शेवटचे तीन प्रश्न राहून गेले.

संध्याकाळी फोनवर तिचा आवाज बसला होता. "मावशी, अगं पाच तास दाखवत होता. मी स्वतः बघितलं होतं." घरातल्या प्रत्येकाचं निदान ठरलेलं होतं, बॅटरी गेली. मी तिला एकच विचारलं, आकडा बघितलास तेव्हा तू काय करत होतीस? "काही नाही गं. लॉगिन करून नुसती बसले होते, पेपर उघडायची वाट बघत."

तिची बॅटरी वापरून थोडी जुनी झालेली होती, पण बिघडलेली नव्हती. आणि आकडाही ज्या क्षणी तिने पाहिला त्या क्षणापुरता बरोबर होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या असून पोरीचा पेपर अर्धवट राहतो, हे मला फार लागलं. चार दिवसांनी तिचा पुढचा पेपर होता. त्याआधी हे प्रकरण तिला मुळापासून समजावून द्यायचं मी ठरवलं.

सुरुवात केली ती गॅसच्या सिलेंडरपासून. नवा सिलेंडर लावला की आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात खूण करतात. आत १४.२ किलो गॅस असतो, ते वजन सिलेंडरवर छापलेलंच असतं. पण "आमच्याकडे चाळीस दिवस जातो" असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ते त्या घराचं वर्णन असतं. माणसं किती, दोन्ही वेळा स्वयंपाक होतो का, आंघोळीचं पाणी गॅसवर तापतं की गिझरवर, हे सगळं त्या चाळीसमध्ये मुरलेलं असतं. गणपतीत पाहुणे आले, उकडीच्या मोदकांचे घाण्यावर घाणे निघाले, की तोच सिलेंडर पंचविसाव्या दिवशी आटोपतो. तेव्हा सिलेंडर खोटं बोलला असं कोणी म्हणत नाही. पाहुणे होते ना, म्हणतात आणि नंबर लावतात.

लॅपटॉपच्या बॅटरीत जे भरलेलं असतं तेही तासांत मोजत नाहीत. ते वॉट-तासांत मोजतात. बॅटरीवर चिकटवलेला कागद कधी वाचून बघावा. माझ्या बॅटरीवर ११.४ व्होल्ट आणि ४३९० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं आहे. दोन्हींचा गुणाकार केला, हजाराने भागलं, की साधारण ५० वॉट-तास येतात. म्हणजे यंत्राने सतत ५ वॉट खाल्ले तर ही बॅटरी दहा तास पुरेल आणि २५ वॉट खाल्ले तर दोन तास. विमानात सोबत नेता येणाऱ्या बॅटरीवरची मर्यादाही याच मापात आहे. १०० वॉट-तासांच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून मोठमोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यासुद्धा ९९ आणि काही दशांशांवर येऊन थांबतात. दुकानात लॅपटॉप घेताना "किती तास चालतो" याऐवजी "बॅटरी किती वॉट-तासांची" असं विचारणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत. विचारायला हवं.

कोपऱ्यात दिसणारा वेळ हा शाळेतला भागाकार आहे. बॅटरीत उरलेले वॉट-तास वर, यंत्र आत्ता खात असलेले वॉट खाली. वरचा आकडा सावकाश उतरतो. खालचा मात्र बोटाच्या एका टिचकीने दुप्पट होतो.

हे तिला नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून मी माझ्याच लॅपटॉपवर करून पाहिलं. माझ्याकडे उबुंटू लिनक्स आहे. लिनक्समध्ये बॅटरीची माहिती छोट्या छोट्या फाइलींमध्ये पडलेली असते. प्रत्येक फाइलीत फक्त एक आकडा, तोही मायक्रोवॉट-तासांत किंवा मायक्रोवॉटमध्ये, म्हणून लांबलचक. 'एनर्जी फुल डिझाइन' नावाच्या फाइलीत ५००००००० होतं, म्हणजे कारखान्यातून निघतानाचे ५० वॉट-तास. 'एनर्जी फुल'मध्ये ४१२०००००. तीन वर्षांच्या वापरानंतर माझ्या बॅटरीत पूर्ण भरल्यावरही एवढंच मावतं. 'एनर्जी नाऊ'मध्ये २८८४००००, म्हणजे बरोबर सत्तर टक्के. 'पॉवर नाऊ' ही फाइल मात्र जिवंत होती, दर दोन-चार सेकंदांनी उघडली की निराळाच आकडा.

रात्रीची वेळ, स्क्रीन अर्ध्या उजेडावर, वायफाय बंद, समोर नुसता टेक्स्ट एडिटर. 'पॉवर नाऊ' स्थिरावलं ६.४८ वॉटवर. २८.८४ भागिले ६.४८, उत्तर चार तास सत्तावीस मिनिटं. मग मी दुसरं काही न करता स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला आणि वायफाय लावलं. मिनिटभरात वापर ९.७५ वॉटवर जाऊन बसला आणि वेळ झाला दोन तास सत्तावन्न मिनिटं. एका मिनिटात दीड तास गेला. मग मी व्हिडिओ कॉल सुरू केला. कॅमेरा चालू, समोरून येणारं चित्र उलगडायचं, आपलं चित्र दाबून पाठवायचं, आवाजातला गोंगाट काढायचा, पंखा फिरायला लागलेला. १७.२ वॉट. बॅटरीत तेव्हा २८.२ वॉट-तास होते, म्हणजे अडुसष्ट टक्के. वेळ, एक तास अडतीस मिनिटं.

तीन मिनिटांत बॅटरी सत्तरवरून अडुसष्टवर आली होती आणि साडेचार तासांचे दीड-पावणेदोन तास झाले होते. भाचीचा कॅमेरा, पूर्ण उजेडाची स्क्रीन आणि हॉटस्पॉट यांनी तिच्याकडे हेच केलं. फक्त पेपरच्या खिडकीने कोपरा झाकल्यामुळे तिला घसरण दिसली नाही.

ती म्हणाली, मग आत्ताचाच वापर का धरतात? गेल्या तासाभराची सरासरी का नाही काढत? चांगला प्रश्न आहे, आणि तो बॅटरी बनवणाऱ्यांनाही पडला होता. इंटेल आणि ड्युरासेल यांनी मिळून 'स्मार्ट बॅटरी'चे नियम लिहिले, त्यांची पहिली आवृत्ती १९९५ची. बॅटरीने यंत्राशी कोणत्या भाषेत बोलायचं ते त्यात ठरवून दिलं. त्यात उरलेल्या वेळाचा प्रश्न तीन तऱ्हांनी विचारता येतो. एक, या घडीच्या वापराने किती मिनिटं. दोन, गेल्या एका मिनिटाच्या सरासरीने किती मिनिटं. आणि तिसरी तऱ्हा मला फार आवडते. यंत्र बॅटरीला एक वापर सुचवतं आणि विचारतं, समजा मी इतका खाल्ला, तर तू किती वेळ पुरशील? भाचीला नेमका हाच प्रश्न विचारायचा होता. पण कॅमेरा लावल्यावर किती वॉट लागतील हे आधी कोणीतरी बॅटरीला सांगायला हवं, आणि ते सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

सरासरी लांबवली तर आकडा शांत होतो, उड्या मारत नाही. पण मग कॉल सुरू केल्यावर अर्धा तास तो जुन्याच गोष्टी धरून बसतो आणि धोका दिसायला उशीर होतो. सरासरी आखूड केली तर आकडा जागरूक राहतो, पण एखादं वेबपान उघडतानाच्या चार सेकंदांच्या उसळीनेही तो घाबरतो. वेगवेगळ्या प्रणालींनी यातला आपापला मध्य निवडला आहे. मागच्या मिनिटांवरून पुढचे तास ओळखायचे, ही अडचण मात्र कोणत्याही मध्याने सुटत नाही.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. जुने लॅपटॉप कामात असोत की नसोत, बऱ्यापैकी सारखंच खायचे. स्क्रीनमागचा दिवा जळत राहायचा, हार्ड डिस्क गरगरत राहायची, प्रोसेसर रिकामा असतानाही पुरता झोपायचा नाही. त्यांचा वापर रोज तेवढ्याच पोळ्या लाटणाऱ्या घरासारखा होता, म्हणून अंदाजही जमून जायचा. मग अभियंत्यांनी रिकाम्या वेळेतला वापर अक्षरशः खरवडून काढला. आजचा प्रोसेसर दोन कळा दाबण्यामधल्या वेळातही डुलकी काढतो. काम आलं की मिलिसेकंदांत पूर्ण वेगाने धावतो, ते संपवतो आणि पुन्हा निजतो. नुसता उघडा ठेवलेला लॅपटॉप पाच-सहा वॉटवर भागवतो आणि तोच जड कामात चाळीसच्या पुढे जातो. म्हणजे एरवी चूल पेटत नाही, पण पेटली की पन्नास पानं उठतात, अशा घरासारखं झालं. त्या घरात सिलेंडर किती दिवस जाईल? यंत्र काटकसरी झालं, बॅटरी दिवसभर पुरायला लागली, आणि नेमक्या त्याच कारणाने अंदाज वर्तवणं अवघड होऊन बसलं.

२०१६ साली हे सगळ्यांसमोर आलं. त्या वर्षीच्या नव्या मॅकबुक प्रोबद्दल लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की दहा तास म्हणता आणि कोपऱ्यात तर भलतंच काही दिसतं. १३ डिसेंबरला ॲपलने मॅकओएस सिएराची १०.१२.२ ही आवृत्ती काढली आणि तिच्यात बॅटरीच्या मेनूतला उरलेला वेळ काढूनच टाकला. टक्के ठेवले. कंपनीचं म्हणणं असं, की टक्केवारी बरोबर आहे, पण लोक यंत्र इतकं बदलत्या रीतीने वापरतात की वेळेच्या आकड्याला त्याच्या मागे धावता येत नाही. तेव्हा पुष्कळांनी टीका केली. घड्याळ पुढे जातं म्हणून घड्याळच काढून टाकायचं का, असा तिचा सूर होता. मला दोन्ही बाजू कळतात. चुकीचा आकडा माणसाला गाफील ठेवतो, ते मी घरात पाहिलं. पण नुसता लपवला तर माणसाच्या हाती काहीच राहत नाही. आकड्याच्या शेजारी 'सध्याच्या वापराने' एवढे दोन शब्द लिहिले असते तरी माझ्या भाचीला सावध व्हायला जागा मिळाली असती.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने त्या मॅकबुकांची शिफारस करायला नकार दिला. कारण त्यांच्या चाचणीत टचबार असलेलं तेरा इंची मॉडेल एकदा सोळा तास चाललं, दुसऱ्यांदा पावणेतेरा आणि तिसऱ्यांदा पावणेचार. चाचणी तीच, यंत्र तेच. पुढे शोध घेतल्यावर कळलं, की चाचणीसाठी सफारी ब्राउझरमधली एक विकसकांसाठीची सोय चालू केलेली होती. पानं प्रत्येक वेळी नव्याने उतरवून घ्यावीत म्हणून ती होती. तिच्यामुळे सफारीतला चिन्हं लोड करण्यासंबंधीचा एक दडलेला दोष अधूनमधून जागा होत होता. ॲपलने तो दुरुस्त केला, संस्थेने चाचणी पुन्हा घेतली आणि जानेवारी २०१७मध्ये शिफारस दिली. एका न दिसणाऱ्या दोषामुळे सोळाचे पावणेचार होतात, यावरून 'वापर' या भागात किती काय लपलेलं असतं याची कल्पना यावी.

खोक्यावर छापलेले 'अठरा तास', 'बावीस तास' त्यामुळे खोटे असतात असं नाही. त्यांच्या तळटीपा वाचाव्या लागतात. कुठे स्थानिक फाइलीतून सिनेमा चालवलेला असतो, आणि सिनेमा उलगडणं हे आजच्या चिपांना फार स्वस्त पडणारं काम. काही मॅकबुकांच्या तळटिपेत स्क्रीनचा उजेड अगदी खालून आठ टिचक्यांवर ठेवल्याचं लिहिलेलं असतं, म्हणजे मध्यावर. जपानमध्ये तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या जेईआयटीए या संघटनेची मोजणीपद्धत चालते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत व्हिडिओ पाहतानाचा वेळ आणि रिकामं बसलेल्या यंत्राचा वेळ यांची सरासरी काढून एकच आकडा देत असत. २०२३च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते दोन आकडे वेगवेगळे सांगतात. मला ही फार प्रामाणिक सुधारणा वाटते.

आता टक्क्यांकडे वळू, कारण भागाकारातला वरचा आकडाही आभाळातून पडत नाही. सिलेंडर आतून दिसत नाही म्हणून आपण तो हलवून बघतो किंवा ओल्या फडक्याने पुसून पाणी कुठवर लवकर सुकतं ते पाहतो. बॅटरीही आतून दिसत नाही. पण तिच्या खोक्यातच सेलांच्या शेजारी एक चिप बसवलेली असते, तिला गेज म्हणतात. बॅटरीच्या वाटेवर काही सहस्रांश ओहमचा एक अगदी छोटा रोधक ठेवलेला असतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा सगळा प्रवाह त्याच्यातून जातो. त्याच्या दोन टोकांमधला काही मिलिव्होल्टचा फरक मोजून गेज प्रवाह ओळखते आणि क्षणोक्षणी त्याची बेरीज-वजाबाकी मांडत राहते. नळीला मीटर लावून किती गॅस गेला ते लिहीत जावं, तसं.

या हिशेबात बारीक चुका साठत जातात. मोजणीत इवलीशी तफावत असली तरी आठवडाभरात तिची बेरीज होते. शिवाय बॅटरी पडल्या पडल्या आतल्या आत जे थोडं गमावते, ते त्या रोधकातून जातच नाही, म्हणून मोजलंही जात नाही. त्यामुळे गेज अधूनमधून दुसरा पुरावा पाहते, तो व्होल्टेजचा. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो आणि रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास येतो. हे सोपं वाटतं, पण मधला मोठा टप्पा, म्हणजे ऐंशी टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंतचा, जेमतेम तीन-चार दशांश व्होल्टमध्ये उरकतो. सपाट माळावर उंचीवरून जागा ओळखायला सांगितली तर जसं होईल, तसं. त्यातून जड काम चालू असताना व्होल्टेज दबतं आणि काम थांबलं की पुन्हा वर येतं. म्हणून खरा पुरावा मिळतो तो बॅटरी निवांत असताना, किंवा मग अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला.

माझ्या ओळखीचे कितीतरी जण लॅपटॉप वर्षभर चार्जरला लावून टेबलावर वापरतात. त्यांच्या गेजला खालचं टोक कधी दिसतच नाही. बॅटरीत पूर्वी मावायचं तेवढंच आजही मावतं, असं ती धरून चालते. मग एक दिवस लाईट जाते आणि तीस टक्क्यांवरून यंत्र थेट बंद पडतं. अशा वेळी बॅटरी एकदा पूर्ण भरून, साधं काम करत जवळजवळ रिकामी होऊ द्यायची आणि मग पुन्हा सलग भरायची, की गेज आपला हिशेब सुधारते. काही महिन्यांतून एकदा पुरतं. याने बॅटरीची ताकद वाढत नाही, फक्त मोजमाप ताळ्यावर येतं. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना दर वेळी रिकामं करून भरायची शिस्त होती, ती पुष्कळांनी लॅपटॉपलाही लावली आहे. लिथियमला तिचा तोटाच होतो.

जुनी बॅटरी अवचित बंद पडण्याचं आणखी एक कारण आहे. वयाबरोबर सेलचा अंतर्गत रोध वाढतो. आत ऊर्जा शिल्लक असते, पण यंत्राने एकदम मोठा घोट मागितला की व्होल्टेज इतकं दबतं की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. आयफोनच्या काही मॉडेलांमध्ये हेच व्हायचं. ते टाळायला ॲपलने जुन्या बॅटऱ्यांच्या फोनचा वेग गुपचूप कमी केला होता. डिसेंबर २०१७मध्ये ते उघड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ केला.

विंडोज वापरणाऱ्यांना आपल्या बॅटरीचं वय पाहायची सोय हाताशीच आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा, एक तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट', हे रोमन अक्षरांत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. भाचीला मी फोनवर तो काढायला लावला. 'डिझाइन कपॅसिटी' ४२,००० मिलिवॉट-तास, 'फुल चार्ज कपॅसिटी' ३३,०००. म्हणजे तिचे शंभर टक्के हे मुळातल्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्क्यांएवढे होते. कोपऱ्यातली टक्केवारी कायम आजच्या मापाला शंभर धरते, सिलेंडरच लहान होत चाललाय हे ती सांगत नाही. तो लहान होतो मुख्यतः उष्णतेने आणि काठोकाठ भरून ठेवल्याने. सेलच्या आत ग्राफाइटच्या बाजूला एक थर जमत जातो आणि थोडं थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. विदर्भातल्या मे महिन्यात गादीवर ठेवून, चार्जर लावून चालवलेल्या लॅपटॉपमध्ये हे फार भरभर होतं. सदैव प्लगमध्येच राहणाऱ्या यंत्रासाठी बऱ्याच कंपन्या ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय देतात, ती जरूर लावावी.

हा पेपरचा लॅपटॉप होता म्हणून मी आणखी एक गोष्ट तिला सांगितली. तळाचे पाच टक्के आपले नाहीत. तिच्या विंडोजमध्ये तिथेच यंत्र सगळं जतन करून स्वतःला बंद करतं. सेलही खरोखर रिकामा होऊ दिला जात नाही, कारण व्होल्टेज फार खाली गेलं तर आतलं तांबं विरघळून तो कायमचा बाद होऊ शकतो. म्हणजे हिशेब शंभरचा नाही, पंच्याण्णवचा करायचा.

मग आम्ही रंगीत तालीम केली. पेपरसारखीच परिस्थिती, कॅमेरा चालू, हॉटस्पॉट, स्क्रीन पूर्ण उजेडात, चार्जर काढलेला. ती वहीत वेळ आणि टक्के लिहीत बसली. अर्ध्या तासात शंभरवरून चौऱ्याहत्तर. सव्वीस टक्के. पंच्याण्णव भागिले सव्वीस, गुणिले तीस. तिने आकडेमोड केली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, एक तास पन्नास मिनिटं. तेवढंच चाललं होतं."

संध्याकाळी दुसरी तालीम झाली. यावेळी उजेड अर्ध्यावर, मागे चालणारे बाकी सगळे प्रोग्राम बंद, बॅटरी सेव्हर चालू. अर्ध्या तासात बावीस टक्के उतरले. म्हणजे दोन तास नऊ मिनिटं. पेपर दोन तासांचा. "नऊ मिनिटं जास्त आहेत," ती म्हणाली, आणि मग तिनेच पुढे विचारलं, "पण शेवटच्या टक्क्यांचा काय भरवसा? आणि लॉगिनला दहा मिनिटं लागतात त्यांचं काय?"

पुढच्या पेपरला सकाळी पुन्हा लाईट नव्हती. वाडीत पलीकडच्या काकूंकडे इन्व्हर्टर आहे, त्यांना तिने आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. आठ वाजता छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन ती त्यांच्या पडवीत जाऊन बसली, चार्जर लावून. मला फोटो पाठवला. टेबलावर लॅपटॉपशेजारी ती वही होती, आणि पानावर पेनाने चौकट करून लिहिलेलं, २६ आणि २२.